साडेसहा इंची हौस

गाडी घ्यायला गेलेला आपला माणूस मायलेज विचारतो, सर्व्हिसिंगला किती लागतात ते विचारतो, मागच्या सीटवर आईचे गुडघे नीट राहतील का हे स्वतः बसून बघतो आणि डिकीत गॅसचं सिलिंडर मावेल का याचा मनातल्या मनात अंदाज घेतो. स्पीकरबद्दल तो चकार शब्द काढत नाही. टेप आहे ना गाडीत? मग झालं. हे गाडी बनवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून बेताच्या किमतीच्या गाडीत दाराच्या जाळीमागे जो स्पीकर असतो, त्याचा पडदा साध्या कागदाचा आणि मागचं लोहचुंबक पेढ्याएवढं असतं. बातम्या ऐकू याव्यात, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्या ऐकू येतात.

भानगड सुरू होते ती दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर. मेव्हण्याने नवी गाडी घेतली आणि आम्हाला सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणलं. वाटेत त्याने एक जुनं नाट्यगीत लावलं आणि खडकवासल्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं, की या गाण्यात डग्गा आहे. हे गाणं मी माझ्या गाडीत वर्षानुवर्षं ऐकत आलोय. म्हणजे माझ्या गाडीतला तबलजी इतकी वर्षं एका हाताने वाजवत होता. डावा हात तो कुठे ठेवून येत होता देव जाणे.

परतताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पण गाणं तेच होतं ना?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्याला डग्गा ऐकू आलाय आणि ज्याला नाही, त्या दोघांनी एका छपराखाली राहायचं तर काही विषय टाळावेच लागतात.

नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला सजावटीची. तिथे पहिला धडा मिळतो तो गणिताचा. खोक्यावर ठळक अक्षरांत ३५० वॅट लिहिलेलं असतं. त्याच खोक्याच्या कडेला, विम्याच्या अटी ज्या टायपात छापतात त्या टायपात, आरएमएस ५० वॅट असंही असतं. ३५० म्हणजे स्पीकर क्षणभर सोसू शकेल असा दणका. ५० म्हणजे तो तासन्‌तास सोसू शकेल एवढा रोजचा जाच. हे दोन्ही आकडे त्याच्या सहनशक्तीचे आहेत, कर्तबगारीचे नाहीत. त्याला वीज द्यायची ती डॅशबोर्डातल्या टेपने, आणि टेपला मिळतात बॅटरीचे बारा ते चौदा व्होल्ट. चार ओहमच्या स्पीकरला त्यातून १५-२० वॅटच्या वर खरंखुरं काही पोचत नाही. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं आणि ते दुकानदाराचं ऐकत नाही.

त्यात स्पीकर हे यंत्र कमालीचं उधळं. मिळालेल्या विजेतला एखादा टक्का, बहुधा त्याहूनही कमी, तो आवाजावर खर्च करतो. बाकीची तारेचं वेटोळं तापवण्यात जाते. म्हणजे ३५० वॅटचं खोकं मिरवत घरी आलेल्या माणसाच्या दारातून प्रत्यक्ष जो आवाज बाहेर पडतो तो फार तर वॅटच्या पाचव्या हिश्शाचा. आणि तेवढ्यात अख्ख्या बिल्डिंगची झोप उडते, यावरून मूळ ३५० खरे असते तर काय झालं असतं याची कल्पना करावी. ज्यांनी १९९०च्या दशकात टू-इन-वन घेतला त्यांना हे नवं नाही. तेव्हा पीएमपीओ नावाचा एक आकडा असे. त्यात हजार-हजार वॅट सर्रास लिहीत आणि तो डबा सहा सेलवर चाले.

"सर, बेस असा घुमेल ना, काच हलेल," दुकानदार म्हणाला.

"काच हलायला नको आहे."

"मग वरचं मॉडेल घ्या."

उंच स्वरांचा ट्विटर वेगळा असलेला संच त्याला विकायचा होता. मला मधोमध ट्विटर बसवलेला एकसंध स्पीकर हवा होता, कारण वेगळ्या ट्विटरसाठी डॅशबोर्डाजवळ जागा शोधा, क्रॉसओव्हरची डबी दडवा, हा सगळा पुढचा संसार येतो. साडेसहा इंची चार नग घेतले. मग तो म्हणाला, "फिटिंग फ्री आहे सर, तासाभरात लावून देतो."

शहाण्या माणसाने इथे गाडीची किल्ली त्याच्या हातात द्यावी आणि समोर चहा प्यायला जावं. पण माझ्यापुढे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम चाललं होतं. फिटर वीस-बावीस वर्षांचा, हातात विलक्षण सफाई असलेला पोरगा. दाराचा पॅड त्याने एका हिसक्यात ओढून काढला. यायच्या त्या क्लिपा आल्या, राहायच्या त्या दारातच राहिल्या. मूळची वायर कचकन कापली आणि तिचं टोक दाढेत धरलं. मान जराशी तिरकी झाली, प्लास्टिकचं आवरण फुटपाथवर थुंकलं गेलं, तांबं मोकळं झालं. पिळलं, काळी टेप गुंडाळली, पुढचं दार. वायर सोलायचं हत्यार विकणारी दुकानं मी पाहिली आहेत. ती कुणाच्या जिवावर चालतात हे मला पडलेलं कोडं आहे. त्या पोराच्या दातांबद्दल माझी तक्रार नाही, दात उत्तम होते. पण गाडीच्या मूळ कपलरला जुळणारा दुसरा कपलर मिळतो, तो खटकन बसतो आणि काही कापावं लागत नाही. "तो लावशील का?" असं मी विचारल्यावर त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, त्याच क्षणी ठरलं, हे काम घरी करायचं.

मग फुकट होणाऱ्या कामासाठी मी कपलर घेतले, प्लास्टिकच्या रिंगा घेतल्या, पॅड उचकटायच्या नायलॉनच्या पट्ट्यांचा संच घेतला, वायर सोलायचं हत्यार घेतलं (दातांबद्दल एवढं बोलल्यावर ते घेणं भागच होतं) आणि तुटतील म्हणून आधीच डझनभर क्लिपा. बायकोने विचारलं, "एकूण वाचले किती?" मेव्हणा घाईघाईने म्हणाला, "ताई, वस्तू राहतात ना घरात."

मेव्हण्याने तयारी म्हणून भरपूर व्हिडिओ पाहिले होते. त्यातला अमेरिकन गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये काम करतो. गॅरेज आमच्या हॉल-किचनपेक्षा मोठं, भिंतीवर पाने चढत्या क्रमाने टांगलेले, वर ट्यूबलाइटींची रांग, आणि मुख्य म्हणजे आसपास चिटपाखरू नाही. तो, कॅमेरा आणि दार. आमच्या सोसायटीत गाडीला अडीच मीटर रुंद जागा मिळते आणि दार उघडतं ते शेजारच्या ॲक्टिव्हाच्या हँडलपर्यंत. शिवाय अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे "ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात" असं म्हणून मेव्हणा दरवेळी क्लीनरच्या बाजूला जाऊन उभा राही.

पण खरा फरक चिटपाखराचा. आपल्याकडे हे काम एकट्याने होत नाही, कारण होऊ दिलं जात नाही. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाकडे लोक सहानुभूतीने बघतात आणि पुढे जातात; इंजिनातलं आपल्याला काय कळतंय, असा त्यांचा नम्र भाव असतो. दाराचा पॅड काढून बसलेल्या माणसापुढे हा भाव टिकत नाही. दार सगळ्यांना कळतं. सगळ्यांच्या घराला आहे.

पहिले आले ते दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका.

"किती पडले?"

मी आकडा सांगितला.

"फसलात."

हे त्यांचं उत्तर आकड्यावर अवलंबून नसतं. मागे एकदा मिक्सरच्या वेळी मी मुद्दाम निम्मी किंमत सांगून पाहिली होती. तेव्हाही मी फसलोच होतो. वस्तू नकली होती.

मग सेक्रेटरी. रविवारचा पांढराशुभ्र लेंगा-झब्बा, काखेत मेंटेनन्सची वही. "आवाजाचं काही करणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. २००० सालचे नियम आहेत," ते म्हणाले. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी बरं म्हणालो. नियम सांगून झाल्यावर जातील असं वाटलं होतं, पण ते ॲक्टिव्हाला टेकून उभे राहिले.

तळमजल्यावरचे काका एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते काहीच बोलले नाहीत. प्लास्टिकची खुर्ची आणली, बसले आणि पेपर उघडला. शेवटी आली चौथीतली एक मुलगी, तिने स्क्रू ठेवायला घरून वाटी आणली. जमलेल्यांत कामाची तयारी करून आलेली ती एकटीच.

पॅड काढायचा म्हणजे आधी दडवलेले स्क्रू शोधायचे. असतात तीन-चारच. एक आतल्या हँडलच्या वाटीत चिमुकल्या झाकणाखाली, एक दार ओढायच्या खाचेच्या तळाशी, एखादा आरशामागच्या तिकोनी तुकड्याआड. मागच्या दारांना मात्र काच हाताने फिरवायची हँडलं होती आणि त्यांना स्क्रूच नव्हता. मेव्हण्याने व्हिडिओ पुढे-मागे करून पाहिला. अमेरिकन गृहस्थाच्या काचा बटणावर होत्या. बँकवाले काका म्हणाले, "ओढा." तेव्हा पेपरामागून दापोडीचा पहिला शब्द आला.

"पंचा."

पंचा आणला. काकांनी तो हँडल आणि पॅडच्या फटीत घातला, दोन्ही टोकं धरून बुटाला पॉलिश करायच्या हाताने इकडून तिकडे ओढला, आणि आत दडलेली तारेची चिमुकली क्लिप टिंग करून उडाली ती थेट ॲक्टिव्हाखाली. हँडल हातात आलं. काका परत पेपरात गेले. चौथीतली मुलगी ॲक्टिव्हाखाली गेली.

त्यानंतर नायलॉनची पट्टी पॅडच्या खालच्या कोपऱ्यात सारून उचकटायचं. टक् असा आवाज येतो. तो क्लिप सुटल्याचा की तुटल्याचा, हे कानाला कळत नाही, दोन्हींचा आवाज एकच आहे. दर टक्‌ला मी डोळे मिटत होतो आणि बँकवाले काका समाधानाने "गेली" म्हणत होते. कडेने सगळ्या क्लिपा सुटल्या की पॅड वर उचलून काचेच्या पट्टीवरून काढायचा, बटणाची वायर आणि लॉकची तार सोडवायची, की दार उघडं पडतं.

रोज ज्याला आपण आपटतो त्याच्या पोटात फारसं काही नसतं. काच चढवायची मशीन, लॉकच्या तारा, बाजूने धडक बसली तर आडवी येणारी लोखंडी नळी, आणि बाकी पोकळी. गाडी मी जुनी घेतलेली, त्यामुळे आत आधीच्या मालकाचाही थोडा संसार होता. काचेच्या फटीतून घसरलेलं रुपयाचं नाणं, फास्टॅगच्या आधीच्या काळातली एक्स्प्रेसवेच्या टोलची पावती, आणि टेपपासून थेट ओढून आणलेल्या दोन वायरी. दोन्ही लाल. पावती बँकवाल्या काकांनी ताब्यात घेतली आणि तेव्हाचा टोल आणि आताचा टोल या विषयावर वीसेक मिनिटं गेली.

पॅडमागे जाडसर प्लास्टिकचा कागद असतो, कडेने काळ्या चिकट पट्टीने दाराला चिकटवलेला. तो बघून बँकवाले काका म्हणाले, "कंपनीचं पॅकिंग काढायचं राहिलंय यांचं." आणि ओढून काढायला हात घातला. असं वाटणारे ते एकटे नाहीत. गल्लोगल्लीच्या फिटरांनी हा कागद टराटरा फाडून फेकलेला असतो, आणि मग पहिल्या पावसाळ्यात गाडीवाला पायाखालची ओली चटई बघून छपराला, काचेला, देवाला दोष देत बसतो.

पेपर खाली आला. "राहू द्या तो," दापोडीचे काका म्हणाले. "पाणी त्याच्यामुळं बाहेर राहतं."

"दारात कुठलं पाणी?"

"काचेवरचं. काचेच्या बाहेरच्या रबरातून ते आत उतरतंच. दारातून खाली जातं आणि बुडाच्या भोकांतून बाहेर पडतं. हा कागद नसला तर भोकापर्यंत जायच्या ऐवजी तुमच्या बुटात येतं."

बँकवाले काका खाली वाकले. दाराच्या बुडाशी खरोखरच भोकं होती. कंपनीने नव्या गाडीला भोकं पाडून दिली आहेत आणि त्याचे पैसे आपण मोजले आहेत, हे त्यांना सहन झालं नाही. "एम-सीलने बुजवून टाका," ते म्हणाले.

"बुजवली की दार सडतं. पाणी येणार ते येणारच, त्याला जायला वाट ठेवायची." जन्मभर लाल डब्यांची दारं बघितलेल्या माणसापुढे बँक गप्प बसली.

म्हणजे आपण दिवाणखान्यात ठेवायच्या लायकीची वस्तू जिथे बसवतो, तिथे दर पावसाळ्यात वरून धारा लागतात. दुकानदाराने दाखवलेल्या एमडीएफच्या रिंगा मी घेतल्या नव्हत्या त्या याच भीतीने. भुसा आणि डिंकाची ती वस्तू ताम्हिणीत एकदा जाऊन आली की फुगते आणि स्क्रू सोडून देते. स्पीकरच्या डोक्यावर छोटा छज्जा काढावा, कागद होता तसा परत चिकटवावा, आणि बाकी सगळं वरुणराजावर सोपवावं.

आता त्या काळ्या पट्टीविषयी. ती ब्युटिलची असते. वाळत नाही, पुसली जात नाही, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कमीही होत नाही. कागदावरून ती माझ्या बोटाला आली, बोटावरून मेव्हण्याच्या फोनला, फोनवरून त्याच्या कानाला, दरम्यान ॲक्टिव्हाच्या सीटला, आणि सीटवरून सेक्रेटरींच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्याला. ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना दिसली. त्यांना सांगायचं कुणी, यावर नजरानजर झाली. अखेर चौथीतल्या मुलीने सांगितलं. मग पेट्रोल, रॉकेल, लिंबू अशा सूचना आल्या. वरच्या बाल्कनीतून एक आजी ओरडल्या, "खोबरेल चोळा!" खोबरेलाने डाग खरोखरच सुटला. त्या जागी खोबरेलाचा पडला.

स्पीकर भोकावर धरून मी पहिला स्क्रू लावणार, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काच खाली आली तर कुठे जाणार?" सगळे थांबले. पूर्ण खाली उतरलेली काच स्पीकरच्या मागे, लोहचुंबकाला खेटून येते. स्पीकर जास्त खोल असला तर काच त्याच्यावर आदळते, नाहीतर अर्ध्यावर अडकते. हा प्रश्न वॅट विचारणाऱ्या दहा गिऱ्हाइकांतला एकही दुकानात विचारत नाही. काच उतरवून पाहिली. बोटभर फट राहत होती. मुलीला बढती देऊन तिच्याकडे क्लिपाही दिल्या.

"आता नवं टेक्निक आलं असेल ना यांच्यात?" बँकवाल्या काकांनी हातातला स्पीकर उलटासुलटा करत विचारलं. नाही आलं. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये जी मांडणी जगापुढे ठेवली, तीच मुळात आजही आहे. लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला पडदा. शंभर वर्षांत कागदाच्या जागी प्लास्टिक आलं, चुंबक सुधारले आणि खोक्यावरचे आकडे वाढले. काकांना हे ऐकून बरं वाटलं. "म्हणजे फसलातच," ते म्हणाले.

पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. मागचा हा उलटा आवाज दाराच्या भोकांतून पुढे आला की पुढच्याला भेटतो आणि दोघंही एकमेकांना संपवतात. उंच स्वर त्यातून निसटतात, जाड स्वर मरतात. माझा डग्गा इतकी वर्षं जात होता त्यातला बराचसा इथेच. म्हणून दाराच्या आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं बंद करायची आणि पत्र्याला ब्युटिलचे, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेले जाड तुकडे रूळ फिरवून चिकटवायचे. हे काम कंटाळवाणं आहे, व्हिडिओत त्याला कुणी संगीतसुद्धा लावत नाही, आणि आवाजात खरा फरक याच कामाने पडतो. माझं तर स्पष्ट मत आहे, की गाडीत स्पीकर वाजतच नाही, दार वाजतं; स्पीकर त्याला फक्त चिथावतो. महागडे स्पीकर भोकाळ दारात लावून "काही खास नाही" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी स्पीकर बदलले, पुन्हा बदलले, मग गाडी बदलली.

"मघाशी तर भोकं बुजवू नका म्हणालात," बँकवाले काका म्हणाले.

"ती खालची. ही मधली," दापोडी म्हणाली.

"भोकाभोकांत फरक करायचा म्हणजे..." काकांनी वाक्य अर्धवट सोडलं, पण त्यांचा व्यवस्थेवरचा विश्वास उडाल्याचं दिसत होतं.

डावं दार मी जोडलं. दोन्ही वायरी लाल असल्यामुळे कुठली प्लस आणि कुठली मायनस हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा टेपकडच्या टोकापासून मागोवा घेतला. तिथले रंग सहसा ठरलेले असतात. पुढच्या डाव्याला पांढरी, उजव्याला राखाडी, मागच्या डाव्याला हिरवी, उजव्याला जांभळी, आणि ज्या जोडीदारणीवर काळी रेघ ती मायनस. मी वर खोबरेलाने हात धुवायला गेलो तेवढ्यात मेव्हण्याने उजवं दार जोडून टाकलं. "गाण्याला कुठे प्लस-मायनस असतं, भावोजी?" तो म्हणाला.

संध्याकाळी सासरे आले. लहानपणी, १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर मांडी घालून गीतरामायण ऐकलेला हा माणूस. आवाजाच्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत. जेवणाच्या बाबतीतही नाहीत, पण तो वेगळा विषय. मी सुधीर फडक्यांची ध्वनिफीत लावली. सासऱ्यांनी डोळे मिटले, मग उघडले, मग मान वळवून मागे पाहिलं.

"फडके गाडीत आहेत हे नक्की. बसलेत कुठे ते कळत नाही."

"बाबा, हे सराउंड आहे," मेव्हणा म्हणाला.

ते सराउंड नव्हतं. एका दारातला पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्यातला मागे जात होता. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच पाठवलेला असतो, म्हणून तो मधोमध ऐकू येतो. एका बाजूची वायर उलटी पडली की त्याला जागाच उरत नाही, आणि डग्गा तर पुन्हा गायब होतो. यावर दुकानांत हजारोंची यंत्रं मिळतात. दापोडीच्या काकांनी घड्याळातला सेल काढून आणला. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरींना क्षणभर टेकवायचा. पडदा टप करून बाहेर आला तर सेलचं प्लस टोक जिथे तीच वायर प्लस. आत गेला तर उलट. उजव्या दारातला पडदा आत गेला. मेव्हणा व्हिडिओ शोधू लागला. वायरी बदलल्यावर सासरे मागच्या सीटच्या मधोमध बसले आणि म्हणाले, "आता गिअरच्या बरोबर वर आहेत." ज्यांनी ते सगळं एकाच स्पीकरच्या रेडिओवर ऐकलं, त्यांना तोच आवाज पुन्हा एका जागी आणून द्यायला मला चार स्पीकर लागले.

मग मेव्हण्याने आवाज चढवला. सेक्रेटरी बदललेल्या लेंग्यात गॅलरीत आले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. गाडी उभी करून दारं उघडी टाकायची आणि गावाला ऐकवायचं, हा प्रकार फर्ग्युसन रस्त्यावरच्या पोरांनी काढला असा आपला समज असतो. पण पॉल गॅल्विन नावाच्या गृहस्थाने १९३० सालीच आपला मोटारीतला रेडिओ घेऊन अटलांटिक सिटी गाठली. तिथे रेडिओवाल्यांचं संमेलन होतं आणि याच्याकडे स्टॉलचे पैसे नव्हते. त्याने गाडी दारात उभी केली आणि आवाज वाढवला. लोक बाहेर आले, ऑर्डरी मिळाल्या. त्याच्या त्या रेडिओचं नाव मोटोरोला, पुढे कंपनीलाही तेच लागलं. सेक्रेटरींना हे सांगितलं असतं, पण त्यांचा चेहरा ऑर्डर देणाऱ्याचा नव्हता.

पॅड चढवल्यावर दारं बदललेली असतात. पूर्वी बंद होताना खणकन वाजायची, आता थप्प असा मऊ, जाड आवाज येतो, महागड्या गाडीचा. या आवाजाचं मला इतकं कौतुक, की मी काही कारण नसताना खाली जाऊन दार उघडून लावून येतो. पाहुणे दार आपटतात तेव्हा पूर्वी मी "हळू हो!" म्हणायचो. आता म्हणतो, "परत एकदा लावा, नीट लागलं नाही."

एक मात्र झालं. गाणं ऐकणं संपलं. जाड स्वर आला की कुठेतरी काहीतरी टरटरतं. आधी वाटलं पॅड. मग दाराच्या खणातली सुटी नाणी सापडली, मग सीटबेल्टचं बकल, मग गॉगलचं घर, मग मागची नंबरप्लेट. प्रत्येकाला फोमचा तुकडा लावला. हल्ली सुरेल तान चालू असताना माझा कान ग्लोव्हबॉक्सकडे असतो, आणि गायक समेवर येतो तेव्हा माझी दाद असते ती टरटर न झाल्याबद्दल. बायको म्हणते, पूर्वी निदान गुणगुणायचास.

तिच्या लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे गाडीत आता गाणी फारशी लागतच नाहीत. मुलगी कानात बोंडं घालून मागे बसते, मुलगा त्याची. साडेसहा इंची चारही स्पीकर सर्वांत जास्त वापरते ती नकाशातली बाई. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" हे वाक्य इतक्या खोल, भारदस्त खर्जात येतं, की वळणं चुकवायची छाती होत नाही. आणि दुसरा वापर फोनचा.

परवा नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा होतो, थंडी म्हणून एसी बंद, काचा खाली. मावशीचा फोन आला आणि तिने प्रस्तावना न करता पोटाची हकीगत सुरू केली. तीन दिवस झालं नाही. इसबगोल घेतलं, मनुका भिजवून खाल्ल्या, गरम पाणी झालं, काही नाही. एकेक शब्द स्वच्छ, एकेक उसासा आपापल्या जागेवर, गिअरच्या बरोबर वर. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"काका, मावशींना एरंडेल घ्यायला सांगा. कोमट दुधातनं." मग जरा थांबून, "आणि स्पीकर कुठनं बसवले हो? आवाज लई क्लिअर आहे."

"कोण रे ते?" मावशी चारही दारांतून म्हणाली. "विचार त्यांना, किती चमचे?"

सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, आणि त्याला नीट ऐकू यावं म्हणून मी आवाज थोडा वाढवला.